समुद्रातून वर आलात, पण विमान कधी पकडणार?

वसई-विरारला समुद्र आहे, पण पाण्याखाली पाहण्याजोगा नाही. खाडीच्या गाळाने पाणी इतके गढूळ असते की हातभर खोलीवरचेही दिसत नाही. त्यामुळे इथल्या हौशी मंडळींचा स्कुबा डायव्हिंगचा श्रीगणेशा होतो तो बहुधा मालवण-तारकर्लीत. ज्यांना त्याची चटक लागते, ते पुढे अंदमान गाठतात. मालवणसाठी आता दादर-पनवेलची धावपळही उरलेली नाही. २९ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झालेली वांद्रे-मडगाव एक्स्प्रेस वसई रोडला थांबते आणि पुढे कोकण रेल्वेच्या मार्गाला लागते. घाई असेल तर गोव्यातल्या मोप्याचा विमानतळ आहे. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळही ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, जरी तिथली सेवा सलग चाललेली नाही.

डायव्ह करून रेल्वेने परतणाऱ्याला काळजीचे कारण नाही, कारण गाडी किनारपट्टीच्या उंचीवरूनच धावते. विमानाने परतणाऱ्याने मात्र घड्याळ पाहायला हवे.

जमिनीवर आपल्यावर एका वातावरणाइतका दाब असतो. समुद्रात १० मीटर खाली गेले की तो दुप्पट होतो. सिलिंडरमधली हवाही तितक्याच दाबाने फुप्फुसात येते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळतो. पाण्याबाहेर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, पण त्याला काही तास लागतात. तेवढ्यात माणूस आणखी कमी दाबाच्या जागी गेला, तर उरलेल्या नायट्रोजनचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. रॉबर्ट बॉइलने १६७० साली निर्वात पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिला होता. माणसाच्या बाबतीत दोष नायट्रोजनचा आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले.

आता विमानाकडे वळू. मोठे जेट ३५,००० फुटांवर उडते, पण आतला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका राखलेला असतो. म्हणजे जमिनीच्या जेमतेम तीन चतुर्थांश. छोट्या सेस्ना विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये दाब राखण्याची सोयच नसते. बाहेर जी उंची, तीच आतल्या माणसाची. गंमत अशी, की हजार-दोन हजार फुटांवरून जाणारे छोटे विमान शरीराला जेटपेक्षा कमी ताण देते. अडचण येते ती विमान वर चढवावे लागले तर. जुहूहून पुण्याकडे निघालेल्या विमानाला सह्याद्री ओलांडायचा असतो. पावसाळी ढग समोर आले की वैमानिक आणखी वर जातो. त्यातून डायव्ह केलेला माणूस स्वतःच वैमानिक असेल आणि शेजारी दुसरा वैमानिक नसेल, तर बुडबुड्यांमुळे आलेली एक चक्करसुद्धा सगळ्यांच्या जिवावर बेतू शकते.

म्हणूनच अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा सल्ला केबिनमधला दाब विचारात न घेता विमानाच्या प्रत्यक्ष उंचीवर बेतलेला आहे. दाब राखणारी यंत्रणा हवेतच बिघडू शकते, हे त्यात गृहीत धरले आहे. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागत नाही अशा साध्या डायव्हनंतर ८,००० फुटांपर्यंतच्या उड्डाणासाठी किमान १२ तास थांबावे. तसे थांबावे लागले असेल, किंवा उड्डाण ८,००० फुटांच्या वर असेल, तर किमान २४ तास.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचे २००२ सालचे निकष प्रवासी विमानांच्या केबिनला धरून आहेत: एकाच साध्या डायव्हनंतर किमान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्यास किमान १८ तास आणि टप्प्याटप्प्याने वर यावे लागणाऱ्या डायव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ. त्यामागे ड्यूक विद्यापीठातले प्रयोग आहेत. तिथे स्वयंसेवकांना आधी डायव्हइतक्या आणि मग ८,००० फुटांवरच्या दाबात ठेवले गेले. अशा ८०२ चाचण्यांत ४० वेळा त्रास झाला. थांबण्याचा वेळ वाढत गेला, तसा धोका कमी होत गेला.

अंदमानात ही बाब अधिक जवळची. जलहंस हे सेस्ना बनावटीचे सागरी विमान तिथल्या बेटांसाठी ३० डिसेंबर २०१० रोजी जुहूतूनच सुरू झाले होते. हेलिकॉप्टरही बेटाबेटांत फिरते. हॅवलॉकला सकाळी डायव्ह, दुपारी पोर्ट ब्लेअर आणि संध्याकाळी मुंबईचे विमान, हा बेत कागदावर सुटसुटीत दिसतो, पण बारा तासही भरत नाहीत.

मालवणहून मोटारीने आंबोली किंवा गगनबावडा घाट चढून कोल्हापूर-पुण्यामार्गे परतणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचे वरचे निकष ६१० मीटरच्या उंचीपासून लागू होतात. नुसते स्नॉर्केलिंग केले असेल तर चिंता नको, कारण त्यात दाबाखालची हवा श्वासात येत नाही.

सांधे दुखणे, अंगावर चट्टे, मुंग्या येणे, चक्कर, हातापायांतली ताकद जाणे ही बुडबुड्यांमुळे होणाऱ्या या विकाराची लक्षणे आहेत. त्यावर उपचार म्हणजे शुद्ध प्राणवायू आणि दाबाच्या कक्षात ठेवणे. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात समुद्राखालच्या वैद्यकाचा विभाग आहे. तेव्हा सहल आखताना डायव्ह पहिल्या दिवसांत उरका आणि परतीच्या आधीचा पूर्ण दिवस पाण्याबाहेर काढा. घरी आल्यावर दुखणे निघालेच, तर वसईतल्या डॉक्टरांना आधी हे सांगा की आपण केव्हा पाण्याखाली होतो आणि केव्हा विमानात बसलो.