जुजुत्सु आणि बलाचा व्यायाम

जुजुत्सु ही युक्तीची विद्या. मग तिला जोरबैठकांची जोड कशास, असें तरुण विचारतात. प्रतिपक्ष्याचा जोर त्याच्यावरच उलटवावयाचा, हें खरें. पण श्रोतेहो, दोघांनाही तीच युक्ति अवगत असली म्हणजे बलाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हा विचार वऱ्हाडास नवा नाहीं. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. या मंडळांत शिकविला जाणारा मल्लखांबच पाहा. हा मुळांत मल्लांच्या मेहनतीचा खांब. त्यावर चढतांना बोटांची पकड, पाठ आणि मांड्यांची मिठी कसास लागते. जुजुत्सूंत प्रतिपक्ष्याचा अंगरखा धरून ओढतांना नेमकें हेंच बळ लागतें. जोरांनीं छाती व दंड रेटण्यास समर्थ होतात, ओढण्यास तितके नव्हेत. नुसते जोर काढणारांचें येथेंच अडतें.

क्रम मात्र सांभाळावा. डाव ताज्या अंगानें शिकावे. मेहनत मागाहून, शक्य तर दुसऱ्या दिवशीं. आठवड्यांतून तीन दिवस जुजुत्सु असेल तर बलाच्या व्यायामास दोन दिवस बहुतेकांना पुरतात. हात थकलेले असले कीं सुटका वेळेवर साधत नाहीं, आणि कोपर किंवा खांदा दुखावतो. कोपर अडकलें कीं थाप मारून हार मानावी. दंडाच्या बळावर अडून बसणें हा निव्वळ हट्ट होय.

वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या दिवसांत सर्व व्यायाम पहाटेंच उरकावा, आणि बैठका निम्म्यावर आणण्यांत कमीपणा मानूं नये.