तीन लाख निबंध आणि एक फवारा

बंगळुरूच्या चामराजपेटेत आल्बर्ट व्हिक्टर रस्त्यावर मिंटो नेत्र रुग्णालय आहे, शंभरी कधीच ओलांडलेलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिथं येणाऱ्या आजीआजोबांच्या डोळ्यांत जे घडलेलं असतं, तो म्हातारपणाचा रेणूंच्या पातळीवरचा सर्वांत उघड पुरावा. डोळ्याच्या भिंगात क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं ठासून भरलेली असतात. भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिनं आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि पुन्हा बदलली जात नाहीत, कारण पारदर्शक राहण्यासाठी तिथल्या पेशींनी आपलं केंद्रक आणि प्रथिनं घडवण्याची यंत्रणाच टाकून दिलेली असते. सत्तर वर्षं तीच प्रथिनं ऊन, साखर आणि ऑक्सिजन यांचा मारा सोसतात. मग त्यांच्या घड्या विस्कटतात, ती एकमेकांना चिकटतात आणि दृष्टीवर साय धरते.

या सत्तर वर्षांत माणसाची जनुकं फारशी बदललेली नसतात. जनुकं म्हणजे पत्रिका, प्रथिनं म्हणजे समोर बसलेला माणूस. वय किती झालं, तंबाखू किती खाल्ली, साखर किती वाढली, हे माणसाकडे पाहूनच कळतं. शरीरातली प्रथिनं एकगठ्ठा ओळखण्याच्या आणि मोजण्याच्या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात. भारतात या शास्त्राचं एक मुख्य ठाणं याच शहरात, पण अगदी दुसऱ्या टोकाला आहे. के. आर. मार्केटला मेट्रो पकडायची, मॅजेस्टिकला जांभळ्या मार्गावर बदलायची आणि व्हाइटफील्डच्या बाजूला आयटी पार्कपाशी उतरायचं. तिथं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या गर्दीत ‘इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स’ ही ना-नफा संस्था आहे.

संस्था 2002 मध्ये सुरू झाली. संस्थापक डॉ. अखिलेश पांडे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत गेले आणि काही काळ डेन्मार्कमध्ये मथियास मान यांच्या गटात होते. 2002 मध्येच त्या गटाने ‘सायलॅक’ ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या लेखकांत पांडे यांचंही नाव आहे. तिची गंमत अशी: पेशींच्या एका गटाला नेहमीचं खाद्य द्यायचं, दुसऱ्याला जड समस्थानिकं असलेली अमिनो आम्लं खाऊ घालायची. काही पिढ्यांनी दुसऱ्या गटातली सगळी प्रथिनं किंचित जड होतात. मग दोन्ही गट एकत्र कालवले तरी यंत्राला कुठलं प्रथिन कुणाचं हे कळतं, आणि कोणाकडे किती जास्त हेही.

मला या संस्थेचं अप्रूप वाटतं ते मात्र तिच्या पहिल्या मोठ्या कामासाठी. त्या कामाला मुख्यतः वाचायला बसणारी माणसं लागली. 2003 मध्ये तिने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साथीने ‘ह्युमन प्रोटीन रेफरन्स डेटाबेस’ जाहीर केला. त्यासाठी जीवशास्त्रज्ञांनी तीन लाखांहून अधिक शोधनिबंध स्वतः वाचले. कुठलं प्रथिन कुठल्या ऊतीत सापडतं, कुणाशी जुळतं, कुठल्या आजारात बिघडतं, याच्या नोंदी हाताने केल्या. पहिल्या खेपेला 2,750 प्रथिनं झाली. आयटीच्या शहरात हे काम संगणकावर सोपवता आलं असतं, असं कुणालाही वाटेल. पण एका निबंधातलं वाक्य दुसऱ्यातल्या वाक्याला खोडतं, एकाच प्रथिनाला तीन नावं असतात आणि उंदरातला निष्कर्ष माणसाच्या खात्यावर जमा झालेला असतो. हे ओळखायला तेव्हा तरी माणूसच लागे. अशा कारकुनीला विज्ञानात फारसा मान मिळत नाही; माझ्या मते या संस्थेचं खरं भांडवल तेच आहे.

प्रथिनं मोजणारं यंत्र तरी शेवटी काय करतं? ऊतीचा तुकडा विरघळवायचा, त्यातली प्रथिनं ट्रिप्सिनने कापायची. आपल्या स्वादुपिंडाच्या पाचक रसात असतं तेच हे विकर; ते लायसिन आणि अर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांपुढे कात्री चालवतं, म्हणून तुकडे कुठे पडतील याचा आधीच अंदाज असतो. तुकड्यांचं मिश्रण बारीक नळीतून सावकाश सोडायचं. नळीच्या टोकाला विजेचा दाब दिला की द्रवाचा फवारा उडतो, थेंब वाळत जातात आणि भारित तुकडे हवेत सुटे होतात. या फवाऱ्यासाठी जॉन फेन यांना 2002 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे ऑर्बिट्रॅप या वजन करणाऱ्या यंत्रात हे तुकडे चातीच्या आकाराच्या विद्युतध्रुवाभोवती फिरत पुढे-मागे झुलतात. झुलण्याच्या वेगावरून वजन निघतं. मग निवडक तुकडे फोडून पुन्हा वजन. शेवटी हाती येतात फक्त आकडे. ते कुठल्या प्रथिनाचे, हे ठरवायला नोंदवही लागतेच.

मे 2014 मध्ये ‘नेचर’ने पांडे यांच्या गटाचा मानवी प्रथिनांचा कच्चा नकाशा छापला. 17 प्रौढ ऊती, 7 गर्भाच्या ऊती आणि रक्ताशी संबंधित 6 प्रकारच्या पेशी तपासल्या होत्या, सगळ्या निरोगी. 17,294 जनुकांची प्रथिनं सापडली, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या ज्ञात जनुकांपैकी सुमारे 84 टक्के. त्याच अंकात जर्मन गटाचाही तसाच नकाशा होता. कौतुकापाठोपाठ टीकाही आली. दोन्ही नकाशांत वासाच्या ग्राहक प्रथिनांच्या नोंदी निघाल्या. पण नाकातली ऊती तर कुणी तपासलीच नव्हती! लाखो जुळण्यांत थोड्या चुकीच्या जुळण्या शिरतात आणि दुर्मीळ प्रथिनांच्या बाबतीत त्या डोकं वर काढतात. माझ्या मते टीका रास्त होती. तरीही निरोगी शरीराचा पाया घातल्याशिवाय आजाराची भिंत उभी राहत नाही, हेही तितकंच खरं.

त्या पायावर संस्थेने जे बांधलं त्यातलं एक काम आपल्या घराजवळचं आहे. तोंडातल्या निरोगी पेशींना महिनोन्महिने तंबाखूच्या अर्कात वाढवून त्यांची प्रथिनं मोजली, तेव्हा मेदाम्लं बदलणारं ‘एससीडी’ हे विकर वाढलेलं दिसलं (2015). ते रोखल्यावर त्या पेशींची तग धरण्याची आणि कर्करोगासारखी आक्रमणाची ताकद उतरली. मशेरी आणि तंबाखू-चुन्याच्या मुलखात या निष्कर्षाचं मोल वेगळं सांगायला नको, मात्र प्रयोगशाळेतल्या थाळीपासून औषधापर्यंतची वाट लांब असते.

म्हातारपण आणि कर्करोग यांचा संबंध तर चमत्कारिकच. लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुभंगून थांबतात. हे थांबणं कर्करोगाविरुद्धचं संरक्षण आहे. बिघडलेली पेशी वाढू नये म्हणून शरीराने घातलेला लगाम. पण थांबलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं की त्या दाह वाढवणारी प्रथिनं बाहेर सोडत राहतात आणि शेजारच्या पेशींना बिघडवू शकतात. म्हणजे तरुणपणी ज्या युक्तीने गाठ टळते, तीच म्हातारपणी गाठीला पोषक जमीन तयार करू शकते. हा स्राव जनुकांच्या यादीत शोधून सापडला नसता, तो मोजूनच पाहावा लागतो.

रक्तात असं काही शोधणं जिकिरीचं असतं. रक्तद्रवातल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास एकटं अल्ब्युमिन. त्याच्या गदारोळात गाठीने सोडलेलं चिमूटभर प्रथिन ऐकू येत नाही. म्हणून 2019 च्या एका गाजलेल्या अभ्यासाने वजनाऐवजी प्रथिनांना चिकटणारे रेणू वापरले आणि 18 ते 95 वयाच्या 4,263 जणांच्या रक्तात 2,925 प्रथिनं मोजली. बदल एकसारखा होत नाही, 34, 60 आणि 78 या वयांच्या आसपास त्याला भरती येते, असं त्यात दिसलं. मधुमेही माणूस मात्र नकळत प्रोटिओमिक्सचा जुनंच गिऱ्हाईक आहे: एचबीएवनसीची चाचणी म्हणजे हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली याचंच मोजमाप. प्रथिनांना साखर चिकटण्याच्या याच प्रक्रियेवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी यांच्या गटाने बरंच काम केलं आहे.

2014 च्या नकाशात ‘प्रौढ’ हा एकच कप्पा होता. प्रत्येक ऊतीचे नमुने तिघांकडून घेऊन एकत्र केले होते. त्यात पस्तिशी आणि पंचाहत्तरी वेगळी करता येत नाही. 4,263 जणांचा तो अभ्यासही परदेशातल्या रक्तावरचा. भारतीय शरीर कोणत्या वयाला कसं असतं, हे पाहायला भारतीय विज्ञान संस्थेने ‘लाँजिव्हिटी इंडिया’ उपक्रमात ‘भारत’ नावाचा अभ्यास हाती घेतला आहे. त्यासाठी पुन्हा निरोगी माणसंच हवी आहेत, प्रत्येक वयोगटातली.