ऑइलमधली चकाकी काय सांगते?

परवा हुपरीत एका चांदी कारागीर मित्राच्या पेट्रोल गाडीचं इंजिन ऑइल काढलं. ट्रे उन्हात तिरका धरला, तर तळाशी बारीक चकाकी. पैंजणांच्या गावातली नजर ती! लगेच म्हणाला, "भावा, ह्यात चांदी कुठनं आली?"

चांदी नाही, झीज. ट्रेखालून लोहचुंबक फिरवा. कण ओढले गेले तर लोखंड : रिंगा, लायनर किंवा कॅमशाफ्ट. पांढरे कण ओढले गेले नाहीत तर बहुधा पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. तांबूस दिसले तर बेअरिंगची शंका घ्या आणि गाडी पळवू नका.

धूरही बघा. सकाळी स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील. चढाला दाबल्यावर येतच राहिला तर रिंगा. कॉम्प्रेशन कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा.

गाडी ऑइल खाते म्हणून ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतणं मला पटत नाही. घट्ट ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं, आणि झीज तिथंच जास्त. मॅन्युअलमधलाच ग्रेड घ्या.

आणि हो, चांदी खरंच इंजिनात असते! अमेरिकन ईएमडी रेल्वे इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगला चांदीचा थर असायचा. ऑइलमधलं जस्ताचं अ‍ॅडिटिव्ह तो खायचं, म्हणून त्यांना जस्त नसलेलं ऑइल लागायचं.

तुमच्या गाडीचं मॉडेल, किलोमीटर आणि धुराचा रंग लिहा, बघू काय ते.