माहेरवाशीण अंजीर

आंबा सातासमुद्रापार जातो, द्राक्षे बोटीत बसतात. अंजीर मात्र माहेर सोडून फार लांब नांदत नाही. कच्चे तोडून अढीत घालावे, तर ते मऊ पडेल, पण गोड व्हायचे नाही. झाडावर पिकावे, तोडताच बाजारात जावे आणि एक-दोन दिवसांत खाल्ले जावे, असा त्याचा खाक्या! म्हणूनच दिवे घाटावरचा पुरंदर तालुका आणि घाटाखालचे पुणे यांची सोयरीक जुळली.

मागे सासवडकडच्या एका बागेत जाण्याचा योग आला. जन्मभर व्याकरण शिकवणाऱ्या मला तेथे दोन नवे शब्द मिळाले. पावसाळी बहर तो 'खट्टा'. त्याची गोडी कमी. उन्हाळ्यात फळ देणारा तो 'मीठा'. या मीठ्या बहरासाठी पावसाळ्याच्या अखेरीस झाडाला ताण द्यायचा, छाटणी करायची, मग खतपाणी घालून त्याला जागे करायचे. तांबेरा पडला की पानेच गळतात. मग फळ पोसणार कोण?

"सर, एवढं करून पाटी बाजारात न्यावी," बागाईतदार म्हणाले, "तर गिऱ्हाईक दहा फळं दाबून बघतं आन् चार घेतं. दाबलेलं फळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी विमानतळासाठी याच तालुक्यातील 7 गावांची नावे पुढे आली. त्यांत खानवडी आहे. महात्मा फुल्यांचे घराणे पुण्यास येण्यापूर्वी याच गावी राहिले होते आणि पुण्याच्या मंडईला आज नाव आहे ते त्यांचेच!

पुण्याला विमानतळ नको, असे माझे म्हणणे नाही. परंतु जमिनीचा मोबदला मोजता येतो. जोपासलेली बाग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. विमानाने सारे जग जवळ येईल, पण ज्या फळाला दूरचा प्रवासच सोसत नाही, त्याला जवळची जमीनच हवी.

तेव्हा वाचकहो, येत्या उन्हाळ्यात मंडईत अंजिराच्या पाटीपाशी उभे राहाल, तेव्हा भाव खुशाल करा; फळ मात्र दाबू नका. डोळ्यांनी निवडा, पिकलेले घ्या आणि त्याच दिवशी खा. पुण्याशेजारी शेती टिकावी असे वाटत असेल, तर तिची चव घरातल्या मुलांच्या जिभेवर असायला हवी.