दोन कस्तूर

आषाढांतील पहांट. खारघरच्या डोंगराखालीं नवी मुंबई अजून झोपेंत असते, आणि ओढ्याच्या बाजूनें कोणी शीळ घालीत चालल्याचा भास होतो. सूर थेट माणसाचा. पण त्याला ठरीव चाल नाहीं, कीं नेमका शेवट नाहीं. खिडकींतून डोकावून पाहावें, तर रस्त्यावर कोणीच नसतें. ही शीळ असते शीळ कस्तुराची. इंग्रजांनीं त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोर’ असें टोपणनांव दिलें, तें यथार्थच होय.

पनवेलपासून सुमारें १२ किलोमीटरवर कर्नाळ्याचें रान आहे. १९६८ सालीं तें पक्ष्यांचें अभयारण्य झालें. तेथें शीळ कस्तुराबरोबर त्याचा एक नांवभाऊही राहतो, तो नारिंगी डोक्याचा कस्तूर. नांवसाधर्म्यामुळें दोघांची गल्लत होते. पण एकदां निरखून पाहिलें कीं ती टळते.

शीळ कस्तूर सुमारें २५ सेंटिमीटर लांब. दुरून तो काळाच भासतो. उन्हाची तिरीप पडली म्हणजे कपाळावर व खांद्यांवर निळी झळाळी उमटते. दुसरा त्याहून लहान. त्याचें डोकें व छाती नारिंगी, नराची पाठ निळसर करडी, गळा पांढरा, आणि गालांवर दोन काळसर उभ्या रेघा. शिवाय हे सख्खे भाऊही नव्हेत. जनुकांच्या अभ्यासानंतर शास्त्रज्ञांनीं शीळ कस्तुरास माशीमार पक्ष्यांच्या कुळांत बसविलें. दुसरा मात्र कस्तुरांच्या मूळ कुळांतच राहिला.

खरा भेद आहे तो उदरनिर्वाहाचा. शीळ कस्तुराला खडक आणि वाहतें पाणी हवें. ओढ्यांतील खेकडे, गोगलगाई, बेडूक व किडे हें त्याचें अन्न. पावसाळ्यांत तो धबधब्याच्या आडोशाला कड्याच्या कपारींत घरटें बांधतो. नारिंगी डोक्याचा कस्तूर दाट सावलींतील ओलसर पाचोळा चोचीनें उलथून किडे व गांडुळें वेंचतो, आणि घरटें झुडपांत करतो.

म्हणूनच नुसतीं झाडें राखून भागत नाहीं. ओढा राडारोड्यानें बुजला, तर एकाचें अन्न गेलें. पाचोळा झाडून जाळला, तर दुसऱ्याचें. डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या गृहस्थांनीं ओढा वाहता राहूं द्यावा, आणि बागेच्या एका कोपऱ्यांतील सुकीं पानें न जाळतां तशींच कुजूं द्यावीं. दोन्ही कस्तुरांना एवढें पुष्कळ आहे.