विंच काढायचा, पण जोर कुठे जाणार?
लेखमाला : यंत्रांचे सांधे – भाग ७

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात हिवाळा लांबतो. मुख्य रस्त्यावरचा बर्फ सरकारी गाड्या हटवतात. रस्त्यापासून झाडीत आत शिरलेल्या घरापर्यंतची वाट मात्र ज्याची त्यानेच मोकळी करायची. त्या कामाला अनेकांच्या अंगणात एटीव्ही उभी असते : फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. या गाड्या बनवणारी पोलारिस कंपनी १९५४ साली याच राज्यातल्या रोझो या लहानशा गावात सुरू झाली. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांपासून तिची सुरुवात झाली, एटीव्ही पुढे आली.

बर्फ लोटायचं पातं गाडीच्या पुढे बसवतात आणि ते वर-खाली करण्याचं काम विंचचा, म्हणजे मोटरच्या जोरावर दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा, दोर करतो. बर्फ वितळला की कामं बदलतात. वादळात पडलेला ओंडका ओढायचा तर विंच मागे असलेला बरा. चिखलात रुतलेली गाडी कधी पुढे, तर कधी आलो त्याच वाटेने मागे ओढून काढावी लागते. आणि नुसतं फिरायला जायचं असेल तर नाकावर दहा-बारा किलोंचं ओझं कशाला? म्हणून काढता-घालता येणारा विंच. मागच्या आठवड्यात आपण विंचच्या पोटातली मोटर, दातेरी चक्रं आणि क्लच पाहिले. आज तो गाडीला धरून कसा राहतो ते पाहू.

रचना साधी आहे. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक चौकोनी नळी फ्रेमला जोडायची. हिला रिसीव्हर म्हणतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांमुळे तिचं माप रूढ झालं आहे : आतून २ इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर. विंच एका जाड पोलादी तबकावर बोल्टांनी बसवायचा. तबकाच्या मागे रिसीव्हरमध्ये सरकेल असा चौकोनी दांडा वेल्ड केलेला असतो. दांडा आत सारायचा, दोन्हींच्या भोकांतून १६ मिलिमीटरची आडवी पिन घालायची, पिनेला क्लिप लावायची. झालं.

हे पाहिल्यावर बहुतेकांच्या मनात पहिली शंका पिनेची येते. एवढीशी पिन एवढी ओढ सोसेल? हिशेब करून पाहू. एटीव्हीवर सर्रास दिसणारा विंच २,५०० पौंडांचा, म्हणजे ११३४ किलोंची ओढ देणारा असतो. १६ मिलिमीटर पिनेच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मिलिमीटर भरतं. पिन तुटायची तर दोन जागी कापली जावी लागेल, म्हणून ४०० धरा. साध्या पोलादाचीही अशी पिन वाकायला लागण्याआधी पाच टनांहून जास्त ओढ सोसते. सरळ ओढीत पिनेची काळजी नको.

खरी कसोटी दोर आडवा झाला की लागते. समजा, झाड गाडीच्या समोर नाही, बाजूला आहे. दोर ज्या चौकटीतून बाहेर पडतो ती रिसीव्हरच्या तोंडापासून १५ सेंटिमीटर पुढे आहे. दोर काटकोनात आडवा ओढला तर ११३४ किलोंची ओढ १५ सेंटिमीटरच्या तरफेवर काम करते. म्हणजे मीटरभर लांब पहार आडवी रोवून तिच्या टोकाला १७० किलोंचं पोतं टांगल्यासारखं. दांडा रिसीव्हरमध्ये १० सेंटिमीटरच गेला असेल, तर आतल्या टोकाला तो नळीच्या भिंतीवर १.७ टनांनी रेटतो आणि तोंडाशी उलट बाजूला जवळजवळ २.८ टनांनी. तोच दांडा २० सेंटिमीटर आत गेला तर हे आकडे ०.८५ आणि २ टनांवर येतात. म्हणून रिसीव्हर लांब असावा आणि विंच त्याच्या तोंडाला शक्य तितका चिकटून बसावा.

रिसीव्हरने सोसलेला हा सगळा जोर शेवटी जातो तो फ्रेममध्ये. एटीव्हीची फ्रेम पातळ भिंतीच्या पोलादी नळ्यांची असते. ती मुळात स्वार, इंजिन आणि खड्ड्यांचे धक्के झेलायला बनवलेली. रिसीव्हर बसवताना सगळं डोकं इथे वापरायचं. पुढचा बंपर आणि सामान ठेवायची जाळी दिसायला दणकट, पण ती एवढ्या ओढीसाठी नसतात. विंचचा भार त्यांच्यावर देऊ नये. जोड खालच्या दोन मुख्य नळ्यांना, दोन्ही बाजूंनी, आणि शक्यतो पुढे-मागे अंतर ठेवून चार जागी असावा. त्या अंतरामुळे आडव्या ओढीचं वळण वाटलं जातं.

नळीला आरपार भोक पाडून बोल्ट आवळण्याचा मोह होतो. बोल्ट आवळला की पोकळ नळी चेपते, चेपली की बोल्ट सैल पडतो, आणि भोकातून पाणी शिरून आतून गंज धरतो. आरपार बोल्ट घालायचाच असेल, तर आत त्याच लांबीची जाड नळकांडी बसवायला हवी, म्हणजे आवळण्याचा दाब तिच्यावर येतो. त्याहून बरा मार्ग म्हणजे नळीच्या गोलाईला बसणारे दुभागी क्लॅम्प किंवा यू-बोल्ट. वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढतो.

सगळे नट आधी हाताने लावायचे. मग दांडा घालून रिसीव्हर सरळ आहे का ते पाहायचं आणि नंतरच पाना हातात घ्यायचा. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघायचं, पुढचं टोक दाबून सस्पेन्शन खाली बसवून बघायचं. टायर किंवा नळ्या कुठे घासत नाहीत ना? अनेक एटीव्हींत रेडिएटर पुढेच असतो. त्याच्या तोंडावर विंच आडवा आला, तर बर्फात काही वाटणार नाही, पण जुलैत इंजिन तापेल.

आता दुसरा सांधा. विंच काढता-घालता केला की जोराच्या वाटेत एक सांधा वाढतो, तसाच विजेच्या वाटेतही वाढतो. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दुसऱ्याकडे काम अडेपर्यंत कुणी बघत नाही.

भाराखाली विंच शंभर-दीडशे अँपिअर सहज खेचतो. एटीव्हीचं चार्जिंग त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे हा प्रवाह मुख्यतः बॅटरीतून येतो. बॅटरीपासून विंचपर्यंत जाण्या-येण्याची मिळून ४ मीटर वायर लागली आणि ती १३ चौरस मिलिमीटरच्या तांब्याची असली, तर दीडशे अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मागच्या रिसीव्हरसाठी वायर दुप्पट लांब गेली तर नुकसानही दुप्पट. १२ व्होल्टांतून दीड गेले की विंच कण्हत चालतो. मागची वायर म्हणूनच पुढच्यापेक्षा एक माप जाड घ्यावी.

पण वायर निदान डोळ्यांना दिसते. प्लगमधला मळ दिसत नाही. विंचसाठी चपट्या, जाड पाकळ्यांचे अँडरसन प्लग वापरतात. पाकळ्या स्वच्छ असतील तर त्यांचा रोध नगण्य असतो. चिखल, मीठ किंवा हिरवट गंज चढून तो केवळ ५ मिलीओहम झाला, तरी दीडशे अँपिअरला त्या जागी ११० वॉटहून जास्त उष्णता निघते. एवढ्यात प्लास्टिक मऊ पडतं. म्हणून विंच काढला की गाडीकडच्या प्लगवर रबरी टोपी चढवायची, आणि वापरानंतर प्लगला हात लावून बघायचा. वायर कोमट आणि प्लग चटका देणारा असेल, तर दोष कुठे आहे ते कळलं.

प्लग कुठे घालायचा याचाही विचार करावा. विंचची दिशा उलटवणारा कॉन्टॅक्टर बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये असतो. एटीव्हीच्या विंचमध्ये बहुधा कायमचुंबकाची मोटर असते. तिला दोनच जाड वायरी जातात आणि त्यांची अदलाबदल झाली की ती उलट फिरते. कॉन्टॅक्टर गाडीवर कायमचा बसवून प्लग त्याच्या पुढे, मोटरच्या बाजूला घातला, तर बटण दाबलेलं नसताना प्लगमध्ये वीज नसते. उघडा राहिला तरी ठिणगी नाही. कॉन्टॅक्टर विंचच्या तबकावर बसवला तर मात्र प्लग सतत जिवंत राहतो, आणि पाना मध्ये आला तर शॉर्ट. अशा जोडणीत बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर हवाच. दोन्ही टोकांना एकच विंच वापरायचा असेल, तर पुढच्या आणि मागच्या प्लगमध्ये धन-ऋण सारखेच जोडावेत. नाहीतर मागे लावलेला विंच ‘आत’ दाबल्यावर दोर बाहेर सोडेल.

बसवून झाल्यावर पहिली ओढ सपाट जमिनीवर, सरळ रेषेत आणि हलक्या भाराने घ्यावी. झाडाला दोर थेट गुंडाळू नये. रुंद पट्टा वापरावा, नाहीतर सालीखालचा जिवंत थर कापला जातो आणि झाड वाळतं. ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच वेढे राहू द्यावेत, कारण भार वेढ्यांच्या घर्षणाने पेलला जातो, टोकाच्या स्क्रूने नाही. कप्पी लावून ओढ दुप्पट करायची असेल, तर परत आणलेला हुक विंचच्या तबकाला अडकवू नये. तो गाडीच्या फ्रेमला वेगळ्या जागी अडकवावा, म्हणजे रिसीव्हरवर एकाच दोराची ओढ राहते.

या पहिल्या ओढीआधी एक करायचं : प्रत्येक नटावरून शेजारच्या पोलादापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. ओढ संपल्यावर सगळ्या रेघा बघायच्या. एखादी मोडलेली दिसली तर तो नट फिरला आहे. नुसता पुन्हा आवळून सोडू नका. फ्रेमची नळी तिथे चेपली आहे की क्लॅम्प सरकला आहे, ते आधी शोधा. रेघ सलग राहीपर्यंत पूर्ण भार द्यायचा नाही.

पुढच्या भागात दोराकडे वळू : पोलादी की डायनीमा या कृत्रिम धाग्याचा, आणि बर्फाचं पातं दिवसभर उचलताना दोर नेमका एकाच जागी का झिजतो.