कचऱ्याचे डोंगर, वीज आणि कास्तकाराचे खत

उकिरडा हा कास्तकाराचा ठेवा होय. गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेले तनस, चुलीची राख व घरातील केर असे जे जे खड्ड्यात पडते, ते कुजून बांधीत जाते आणि धानाच्या लोंबीतून परत येते. शहराची गोष्ट निराळी आहे. त्याचा उकिरडा परक्याच्या शिवारात पडतो व तेथून शेतात परतत नाही. अशा कचऱ्याच्या डोंगरांऐवजी त्यापासून वीज करणारे कारखाने काढावेत, असा विचार अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. तो कास्तकाराच्या हिताचा आहे किंवा नाही, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डोंगर हटले पाहिजेत, याविषयी दुमत नाही. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर राहिला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. तेथील विहिरी नासल्या, टँकरचे पाणी प्यावे लागले व गावकऱ्यांस वारंवार आंदोलन करावे लागले. याचे कारण साधे आहे. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. ओला कचरा हवेवाचून कुजतो व पेट घेणारा मिथेन वायू उत्पन्न होतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळे होऊन भूमीत उतरते. शहराची घाण खेड्यापर्यंत कशी येते, हे आपल्या जिल्ह्यास सांगणे नको. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तेथून वैनगंगेत उतरते.

आता वीज करण्याच्या कारखान्याकडे वळू. धानगिरणीच्या भट्टीत तूस कसे जळते, हे आपल्या वाचकांनी पाहिले आहे. वाळलेले तूस एका किलोस सुमारे ३००० किलोकॅलरी उष्णता देते. शहराच्या मिश्र कचऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ओले तनस चुलीत घातल्यासारखीच त्याची गत होते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये परदेशी यंत्रे आणून असा कारखाना उभारला गेला. कचऱ्याची उष्णता अपेक्षेहून फार कमी भरली व सुमारे तीन आठवड्यांतच तो बंद पडला. उलट, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशी येथील कारखान्याचे उद्‌घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. दिवसाला ७०० टन कचरा घेऊन १४ मेगावॅट वीज करण्याची त्याची योजना आहे. ७०० टन हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. एवढा कचरा मोठ्या शहरातच निघतो. शिवाय जाळूनही राख उरते व ती कोठेतरी पुरावीच लागते. म्हणून भट्टी हे सुक्या व पुन्हा उपयोगी न पडणाऱ्या कचऱ्याचे औषध आहे, ओल्याचे नव्हे. २०१६ च्या केंद्रीय नियमांतही असेच धरले होते : ओला कचरा कुजवून त्याचे खत वा वायू करावा, आणि पुन्हा उपयोगी न येणारा परंतु किलोस १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणारा कचरा न पुरता त्यापासून ऊर्जा घ्यावी.

ओल्या कचऱ्यास खरा उपाय गोबर वायूच्या जातीचाच आहे, आणि तो आपल्या देशास नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याचा वायू गोळा करण्याची सोय होती. पुढे जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास ‘ग्रामलक्ष्मी’ हे संयंत्र सिद्ध केले व खादी आयोगाने त्याचा प्रसार केला. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू निघतो. बपेऱ्यासारख्या गावात १०० कुटुंबांनी रोज २५ किलो शेण दिले, तर १०० घनमीटर वायू होईल. तो स्वयंपाकाच्या सुमारे तीन सिलिंडरांच्या बरोबरीचा आहे. हे सारे रोजच्या रोज, गावातल्या गावात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. भट्टीत नत्र उडून जाते व सेंद्रिय अंशाची राख होते. वायुसंयंत्रात मात्र वायूबरोबर मुख्यतः कर्बच जातो. नत्र, स्फुरद व पालाश मळीत जवळजवळ तसेच राहतात. चूलही पेटते आणि बांधीही उपाशी राहत नाही. मात्र मळी उन्हात उघडी टाकल्यास नत्र उडते. ती झाकून ठेवावी व पसरताच मातीत मिसळावी. थंडीत वायू कमी निघतो, हेही आधीच जाणून असावे. आणि काच, प्लॅस्टिक, विजेऱ्या यांची भेसळ असलेल्या कचऱ्याचे खत, फुकट मिळाले तरी, शेतात घेऊ नये; त्यातील जड धातू जमिनीतून काढता येत नाहीत.

शहरे वाढत आहेत व कचऱ्यास जागा शोधताना दृष्टी गावाच्या गायरानाकडे वळते. कोणत्याही गावाच्या ग्रामसभेपुढे असा प्रस्ताव आल्यास, ‘वीज होणार’ एवढ्या शब्दावर संमती देऊ नये. पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत :

१. कचरा घरोघरी ओला व सुका वेगळा होऊन येणार काय?
२. ओल्याचे खत कोणास मिळणार व त्याची तपासणी कोण करणार?
३. राख कोठे पुरणार?
४. भोवतालच्या विहिरींचे पाणी काम सुरू होण्यापूर्वी व नंतर दरवर्षी तपासले जाईल काय?
५. यंत्र बंद पडल्यास आलेला कचरा कोण उचलणार?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजावा. कारखाना बंद पडला आणि गाड्या येतच राहिल्या, म्हणजे कारखान्याच्या नावाने घेतलेल्या जागेवर पुन्हा तोच डोंगर उभा राहतो.

कारखान्याची वाट न पाहता आपल्या घरी करण्याजोगे काम मात्र आजच करता येते. उकिरड्यात प्लॅस्टिक जाऊ देऊ नये, आणि गावात चार घरांनी मिळून एक संयंत्र घालता येते काय, हे सभासदांनी येत्या बैठकीत पाहावे. शहराकडे स्वच्छ, वेगळ्या केलेल्या कचऱ्याची मागणी करण्याचा अधिकार, आपला उकिरडा नीट ठेवणाऱ्यासच अधिक शोभतो.